सामानगडचे बंड आणि मेक्सिकोचे कर्ज

निपाणीहून बेळगावकडे निघालेला प्रवासी संकेश्वरास उतरला, तेथील शंकरलिंगाचे दर्शन घेऊन पश्चिमेकडे वळला आणि हिरण्यकेशीच्या सोबतीने गडहिंग्लजपर्यंत गेला, म्हणजे सामानगड त्याला फार लांब राहत नाही. गड उंचीने मोठा नव्हे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतील कडेकपारींचा दरारा त्याला नाही. पण जांभ्या दगडाच्या त्या पठारावर पाऊल ठेवले की जागोजाग कोरून काढलेल्या विहिरी, कमानींखालून खोल उतरत गेलेल्या पायऱ्या आणि भवानीचे शांत देऊळ पाहून येथे कोणे एके काळी पुष्कळ माणसे पुष्कळ दिवस राहण्याच्या तयारीने राहत होती, हे सांगावे लागत नाही. तटाचा बराच भाग मात्र ढासळलेला आहे. वाटाडे सांगतात ते शिवछत्रपतींच्या काळाचे, प्रतापराव गुजरांचे आणि १६७४ च्या नेसरीच्या खिंडीचे. तट कोणी व केव्हा पाडला हे विचारले, तर “इंग्रजांनी” एवढेच उत्तर मिळते. ते खरे आहे. पण अपुरे आहे.

ही हकिकत १८४४ सालची. कित्तूरची राणी चन्नम्मा व संगोळ्ळी रायण्णा यांची नावे बेळगाव जिल्ह्यात घरोघर ठाऊक आहेत, नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांना १८५८ च्या जूनमध्ये बेळगावात फाशी दिले हेही आपल्याकडील वृद्धांच्या तोंडून आपण ऐकलेले आहे. या दोहोंच्या मध्ये जो गडकऱ्यांचा उठाव झाला, तो मात्र स्मरणाच्या फटीतून खाली पडल्यासारखा झाला. त्याला राणी नव्हती, संस्थानिक नव्हता, पोवाड्याला शोभेल असा एक नायकही नव्हता. होते ते सारे पहारेकरी. माझ्यासारख्या कायद्याच्या कागदांत आयुष्य घालविणाऱ्या माणसाला या उठावाचे आकर्षण वाटते ते निराळ्या कारणाने. त्याच्या मुळाशी एक अत्यंत जुना व अवघड कायदेशीर प्रश्न आहे, आणि त्याच्या शेवटी एक बिल आहे. त्या बिलावरूनच मला अर्ध्या पृथ्वीपलीकडच्या मेक्सिकोची आठवण होते. पण ते ओघाने येईलच.

प्रथम गडकरी म्हणजे कोण ते पाहू. मराठी राज्यात गडाची शिबंदी ही आज आली उद्या गेली अशी भाडोत्री फौज नव्हती. गडाच्या पायथ्याच्या जमिनी तोडून दिलेली कुळे वंशपरंपरेने गड राखीत. त्यांत ब्राह्मण होते, मराठे होते, रामोशी, महार, मांग होते. दरवाजा कोणी राखावा, मेटावर कोणी बसावे, रानातली बातमी कोणी आणावी, हे ज्याचे त्याला नेमून दिलेले असे. गड म्हणजे आपल्याला पोसणारी आई, ही भावना त्यांच्यात मुद्दाम रुजविलेली होती, असे ग्रँट डफनेही नमूद केले आहे. गडावरच्या देवतेची पूजा, नैवेद्य, दिवाबत्ती व उत्सव हेही याच व्यवस्थेच्या आधाराने चालत. तेव्हा जमीन, चाकरी आणि देव ही तिन्ही एका दोरात ओवलेली होती. त्यातला एक पदर ओढला की बाकीचे दोन हलल्याशिवाय राहत नसत. महसुलाच्या नव्या हिशेबनिसांना हे दिसत नव्हते, किंवा दिसूनही त्याचे महत्त्व वाटत नव्हते.

आता कोल्हापूर दरबारची स्थिती. १८१७-१८ च्या पेशवाईविरुद्धच्या युद्धात कोल्हापूरकरांनी इंग्रजांशी सख्य ठेवले, आणि पूर्वी निपाणीकरांनी बळकावलेले चिकोडी व मनोळी हे तालुके त्यांना परत मिळाले. हा आनंद फार दिवस टिकला नाही. छत्रपती शहाजी ऊर्फ बुवासाहेब महाराज हे तडफदार पण बेबंद वृत्तीचे. शेजारच्या जहागीरदारांवर त्यांच्या स्वाऱ्या होऊ लागल्या, आणि १८२६, १८२७ व १८२९ असे एकामागून एक करार त्यांच्या गळ्यात पडले. त्या भरात चिकोडी-मनोळी पुन्हा इंग्रजांकडे गेली. देणाऱ्याने दिलेले दान परत घ्यावे, तसे ते झाले. निपाणीकरांचे तरी काय झाले? सिधोजीराव निंबाळकर ऊर्फ आप्पा देसाई १८३९ मध्ये वारले आणि निपाणीची जहागीर खालसा झाली. याप्रमाणे ज्या दोन घरांनी चिकोडीसाठी एकमेकांची डोकी फोडली, त्यांपैकी एकाच्याही हाती चिकोडी उरली नाही.

बुवासाहेब महाराज १८३८ मध्ये निवर्तले. गादीवर आले ते शिवाजी ऊर्फ बाबासाहेब, वयाने जेमतेम आठ वर्षांचे. कारभार राजमाता व दिवाणसाहेब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजघराण्यातील बाई यांच्याकडे गेला. त्यांच्यात बेबनाव झाला. आणि अशा बेबनावात जे नेहमी घडते तेच घडले. १८४३ मध्ये इंग्रज सरकारने दाजी कृष्ण पंडित यांस कोल्हापूरचे कारभारी नेमले. शिक्का छत्रपतींचा, सही कारभाऱ्याची आणि हुकूम मुंबईचा, अशी ही तिहेरी रचना होती. दाजी पंडितांचा हेतू काहीही असो, त्यांची पद्धत सरळ जमाखर्चाची होती. जुनी येणी वसूल करावी, फाजील खर्च तोडावा, आणि आजवर गडकरी स्वतः पाहत होते त्या गडाखालच्या जमिनी मामलेदारांच्या हाताखाली घालाव्या. कागदावर यात गैर असे काही दिसत नाही. आजचाही एखादा कर्तबगार अधिकारी हेच करील. पण ज्याच्या आजाने त्या जमिनीच्या बदल्यात दरवाजा राखला, आणि ज्याचा नातू तोच दरवाजा राखणार होता, त्याला मामलेदाराचा शिपाई बांधावर उभा राहिलेला पाहून काय वाटले असेल, हे सांगण्यास कागद पुरा पडत नाही.

१८४४ च्या जुलैत, म्हणजे ऐन पावसाळ्यात, सामानगड आणि भुदरगड या दोन गडांनी दरवाजे लावून घेतले. वेळ मोठी विचाराने निवडलेली दिसते. आषाढ-श्रावणात या मुलुखातील ओढे-नाले तुडुंब, काळी जमीन गुडघाभर चिखलाची. जड तोफ त्यातून ओढून नेणे म्हणजे बैलांचा जीव घेणे. सामानगडावर मुंजाप्पा कदम हे गडकऱ्यांचे पुढारी होते. कोल्हापूर दरबारची फौज भुदरगडाकडे गेली, तिला गडकऱ्यांनी खाली उतरून मागे रेटले. सप्टेंबरात बेळगावच्या छावणीतून इंग्रजी पलटण सामानगडाखाली आली. तिलाही लगेच यश आले नाही. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. बेळगावचा किल्ला १८१८ च्या एप्रिलमध्ये मन्रोच्या हाती पडल्यापासून या सबंध दक्षिण मराठी मुलुखावर जो काही धाक होता, तो या छावणीचा होता. छावणीची पलटण आली आणि मूठभर गडकऱ्यांपुढे अडून राहिली, ही बातमी बाजारातून, जत्रेतून, वऱ्हाडांतून चहूकडे गेली. धाकावर चालणाऱ्या राज्याला पराभवापेक्षा अशा बातमीचे भय अधिक असते.

मग मोठी यंत्रणा हलली. जनरल डेलामोट हे सेनापती, कर्नल औट्रम व कर्नल ओव्हन्स हे राजकीय अधिकारी, आणि मुंबई व मद्रास अशा दोन इलाख्यांच्या पलटणी. माफीचे जाहीरनामे निघाले; गडकऱ्यांनी ते मानले नाहीत. १३ ऑक्टोबर १८४४ रोजी तोफांनी तट फोडून सामानगड घेतला गेला. पण गड पडतो न पडतो तोच कोल्हापुरात बाबाजी आहिरेकर यांच्या पुढाकाराने खुद्द दाजी पंडितांना कैदेत टाकण्यात आले. म्हणजे उठाव डोंगरावरून उतरून राजवाड्याच्या दारापर्यंत आला. इतकेच काय, कर्नल ओव्हन्स वाटेत बंडवाल्यांच्या हाती सापडले आणि त्यांना पन्हाळ्यावर कोंडण्यात आले. सातारच्या दरबारात रेसिडेंट म्हणून ज्याने राजाच्या भवितव्याचे खलिते लिहिले, त्यालाच पन्हाळ्यावर बंदिवान होऊन बसावे लागले. ओव्हन्सची पुढे सुटका झाली. नोव्हेंबरात भुदरगड गेला, १ डिसेंबर रोजी पन्हाळा व पावनगड गेले. पन्हाळ्याच्या त्या लढाईत बाबाजी आहिरेकर ठार झाले. पन्हाळ्याचा भव्य चार दरवाजा इंग्रजांनी पाडला, आणि सामानगड, भुदरगड, रांगणा वगैरे गडांची तटबंदी सुरुंग लावून निकामी करण्यात आली. वंशपरंपरेच्या शिबंदीची पद्धत बंद झाली. गड पडला म्हणजे पुन्हा जिंकता येतो. गडकरीच नाहीसा केला म्हणजे मात्र गड राखावयास कोणी उरत नाही.

भुदरगडावर भैरवनाथाचे देवालय आहे. शिवकाळात गडकऱ्यांनी मोगली सरदाराला मारून त्याची निशाणे भैरवाच्या पायाशी वाहिली, अशी तेथील परंपरा आहे. देवाची जत्रा अजून भरते. शिबंदी गेली, तरी गुरव राहिला. देवाला वाहिलेले काही टिकते, राजाला वाहिलेले टिकेलच असे नाही, असे एखादा भाविक म्हणेल. मी केवळ एवढेच नोंदवितो की जप्तीच्या त्या धामधुमीतही माणसांनी देवाकडची वाट मोडू दिली नाही.

आता ते बिल. बंड मोडण्यासाठी जो खर्च झाला, तो इंग्रज सरकारने कोल्हापूर संस्थानावर टाकला. पलटणींचा पगार, दारूगोळा, बैल, गाड्या, तंबू, यांचा सर्व आकार संस्थानच्या वसुलातून फेडावयाचा ठरला. वसूल कोणाकडून यावयाचा? गडाखालच्या त्याच रयतेकडून, आणि खालसा झालेल्या त्याच गडकरी जमिनींतून. ज्याच्या पाठीवर काठी मोडली, त्याच्याकडूनच काठीची किंमत वसूल करावी, यातला प्रकार. याच्या जोडीला राज्याचा प्रत्यक्ष कारभारही इंग्रज राजकीय अधिकाऱ्याच्या हाती गेला, आणि महाराज वयात आले तरी तो लगेच परत मिळाला नाही. १८६२ मध्ये नवा करार झाला तेव्हा कारभार त्यांच्याकडे आला. तोही महत्त्वाच्या प्रत्येक बाबतीत इंग्रज सरकारचा सल्ला मानण्याच्या अटीवर.

१८६२ हे साल वाचले की माझे मन हटकून मेक्सिकोकडे जाते. तेथेही गोष्ट कर्जापासूनच सुरू झाली. यादवी युद्धाने खंगलेल्या त्या देशाचे अध्यक्ष बेनितो हुआरेझ हे जातीने झापोटेक या मूळ रहिवाशांपैकी, व्यवसायाने वकील. तिजोरीत काही नाही म्हणून १७ जुलै १८६१ रोजी परदेशी कर्जाची फेड दोन वर्षे स्थगित करण्याचा कायदा त्यांच्या सरकारने केला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी इंग्लंड, फ्रान्स व स्पेन यांनी लंडनला तह करून वसुलीसाठी संयुक्त आरमार पाठविण्याचे ठरविले. वेराक्रूझ बंदरात फौजा उतरल्या. फ्रान्सच्या मागणीत येकर नावाच्या स्विस सावकाराचे रोखे होते. हुआरेझांच्या प्रतिपक्षाला त्याने अल्प रोकड दिली होती आणि दीड कोट पेसोंचे कागद लिहून घेतले होते. आपल्याकडील खेड्यातला सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घेई, त्याचीच ही विलायती आवृत्ती. फ्रान्सच्या बादशहाला केवळ वसुली करावयाची नसून राज्य बसवावयाचे आहे, हे उमजताच इंग्लंड व स्पेन १८६२ च्या एप्रिलमध्ये बाजूला झाले. फ्रेंच फौज मात्र आत घुसली.

५ मे १८६२ रोजी पुएब्ला शहराबाहेरील टेकडीवरच्या लोरेतो आणि ग्वादालूप या दोन गढ्यांवर सुमारे सहा हजारांच्या फ्रेंच फौजेने हल्ला चढविला. इग्नासियो सारागोसा यांच्या हाताखालच्या मेक्सिकन सैन्याने तो परतविला. दुपारनंतर पाऊस कोसळला आणि चढावरचा चिखल फ्रेंचांना नडला. ही हकिकत वाचताना आमच्या सामानगडच्या श्रावणाची आठवण कोणाला होणार नाही? पण तेथेही पावसाचा उपकार एका मोसमापुरताच असतो. पुढच्या वर्षी दुप्पट-चौपट बळाने फ्रेंच आले; दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर १८६३ च्या मेमध्ये पुएब्ला पडले. मग ऑस्ट्रियाच्या बादशहाचा धाकटा भाऊ माक्सिमिलियन यास आणून सिंहासनावर बसविण्यात आले.

येथे वकिलाची नजर ज्या कागदावर थांबते, तो कागद म्हणजे मिरामारचा करार, १८६४ चा. माक्सिमिलियनने मेक्सिकोच्या भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वीच त्या कराराने मेक्सिकोवर फ्रेंच मोहिमेच्या खर्चापोटी २७ कोट फ्रँकचा बोजा मान्य केला, आणि त्यापुढे राहणाऱ्या प्रत्येक फ्रेंच सैनिकामागे दरसाल एक हजार फ्रँक देण्याचे कबूल केले. म्हणजे कोल्हापूरला जे बिल बंड मोडल्यावर आले, तेच मेक्सिकोला राजा येण्याआधीच आले. वाक्यरचना निराळी, हिशेब एकच.

फरक पुढे पडला. हुआरेझ यांनी राजधानी सोडली, पण अध्यक्षपद सोडले नाही. सान लुईस पोतोसी, साल्तियो, माँतेरे, चिवावा, आणि अखेर अमेरिकेच्या सरहद्दीवरचे पासो देल नोर्ते, असे ते मागे सरत गेले. बरोबर थोडे सोबती आणि सरकारी कागदपत्रे. जेथे ते मुक्काम करीत तेथे मेक्सिकोचे सरकार आहे, असे ते मानीत, आणि हळूहळू इतरांनाही मानावे लागले. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी संपली आणि तिकडून फ्रान्सवर दडपण आले. युरोपातही प्रशियाचे सामर्थ्य वाढू लागले. १८६७ च्या आरंभी फ्रेंच फौज जहाजांवर चढून निघून गेली. १९ जून १८६७ रोजी केरेतारो येथे माक्सिमिलियनला त्याच्या दोन सेनापतींसह गोळ्या घालण्यात आल्या. प्रजासत्ताकाने साम्राज्याचे कर्ज मानण्यास साफ नकार दिला. इंग्लंडशी राजनैतिक संबंध पुन्हा जुळावयास १८८४ साल उजाडावे लागले, पण बिल फेडले गेले नाही.

ही तुलना करताना मला सावध राहिले पाहिजे. हुआरेझांपाशी पाठ टेकावयास हजार मैलांचा मुलूख होता. मुंजाप्पा कदमांपाशी एक पठार आणि काही विहिरी. एकाचे बळ हलण्यात होते, दुसऱ्याचे न हलण्यात. शिवाय गडकऱ्यांच्या उठावाला स्वातंत्र्ययुद्ध म्हणण्याची जी प्रथा भाषणांतून पडली आहे, ती मला मान्य नाही. स्वराज्य, राष्ट्र, घटना हे शब्द त्यांच्या तोंडी नव्हते. ते भांडत होते ते आपल्या जमिनीसाठी, आपल्या चाकरीसाठी आणि आपल्या धन्याच्या नावासाठी. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मेक्सिकोतील कित्येक खेडुतांनी फ्रेंचांवर बंदूक उचलली तीही आपल्या रानासाठी आणि आपल्या गावासाठीच असावी, असे मला वाटते. पुढाऱ्यांना तत्त्व दिसते, माणसांना बांध दिसतो. दोन्ही दिसल्याशिवाय लढा टिकत नाही, आणि गडकऱ्यांच्या लढ्यात तत्त्व पाहणारा कोणी नव्हता, हे त्याचे खरे दुर्बळत्व.

तरीही तत्त्व होते. ते त्यांच्या मनात अस्फुट होते एवढेच. प्रश्न असा: गडकऱ्याने निष्ठा कोणाशी ठेवावयाची? गादीशी, की गादीच्या शिक्क्याशी? हुकूम तर छत्रपतींच्या नावाने आला होता. छत्रपती चौदा वर्षांचे. शिक्का दुसऱ्याच्या हाती. शिक्का मानावा तर धन्याचे घर परक्याच्या स्वाधीन होते. न मानावा तर धन्याविरुद्ध बंड केल्याचा दोष लागतो. राजवाड्यातही याच पेचामुळे कोणी उघड बोलेना. आहिरेकरांनी दाजी पंडितांना कैद केले ते महाराजांचा कैवार घेऊन. आणि दाजी पंडित कारभार करीत होते तेही महाराजांच्याच नावाने.

आमच्या कायद्यात अज्ञानाच्या मालमत्तेविषयी एक सुप्रसिद्ध निवाडा आहे. हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्यात १८५६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ठरविले की अज्ञानाच्या वतीने मिळकतीचा कारभार पाहणाऱ्याचा अधिकार मर्यादित असतो. गरज असेल किंवा मिळकतीचे हित असेल तरच त्याने ती मिळकत कर्जात गुंतवावी. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा निवाडा पाठ करावा लागतो. मी तो प्रथम वाचला तेव्हा मला त्यात रुक्ष कायद्यापलीकडे काही दिसले नाही. पुढे गडकऱ्यांची हकिकत वाचताना मात्र तो एकाएकी जिवंत झाला. एखाद्या विधवेने किंवा चुलत्याने अज्ञान पुतण्याची चार एकर जमीन गहाण टाकली, तर तिची गरज होती काय, हे लंडनमध्ये बसलेले न्यायाधीश बारकाईने तपासणार. पण ज्या सरकारच्या नावाने ते न्याय देत, त्याच सरकारने एका अज्ञान राजाचा पालक होऊन त्याच्या संबंध राज्यावर लढाईचे कर्ज चढविले, त्याची गरज तपासणारे न्यायालय कोठे होते? पालकानेच पाल्याच्या घरात फौज आणावी, घरातल्या चाकरांना मारावे आणि खर्च पाल्याच्या खात्यावर टाकावा. हे कोणत्याही दिवाणी न्यायाधीशापुढे एक दिवसही टिकले नसते. ते टिकले, कारण दावा लावण्याची जागाच नव्हती.

हुआरेझ वकील होते, त्यांना हे नेमके कळले होते असे मला वाटते. म्हणूनच हातात फौज नसतानाही त्यांनी कायद्याचा कागद सोडला नाही. परकी स्वारीला साहाय्य करणाऱ्यास देहान्त शासन, हा कायदा त्यांनी २५ जानेवारी १८६२ रोजीच करून ठेवला होता. माक्सिमिलियनने ३ ऑक्टोबर १८६५ रोजी उलट फर्मान काढले की हत्यारबंद सापडलेल्या प्रजासत्ताकवाद्याला लुटारू समजून चोवीस तासांच्या आत ठार करावे. अखेर केरेतारोला त्याच्यावर खटला चालला तो पहिल्या कायद्याखाली. युरोपातील अनेकांनी दयेची याचना केली. हुआरेझांनी ती फेटाळली. हा निर्णय कठोर होता, आणि मला स्वतःला तो वाचताना आजही अस्वस्थ वाटते. पण “बंडखोर कोण” हा प्रश्न कोणाच्या कायद्याने सोडवावयाचा, याचे उत्तर त्यांनी दिले. गडकऱ्यांच्या बाबतीत ते उत्तर फक्त एका बाजूने दिले गेले, आणि त्यांच्या बाजूचा एकही कागद न उरल्यामुळे आपणही पिढ्यान्‌पिढ्या तोच शब्द वापरीत आलो. या लेखाच्या मथळ्यात मीही तो वापरला आहे. सवय लवकर सुटत नाही.

कोकणी वाचकांसाठी या कथेची एक शाखा उरली आहे. सावंतवाडी संस्थानचा कारभार १८३८ मध्येच इंग्रजांनी आपल्याकडे घेतला होता. घाटावर गडकरी उठताच खाली कोकणात मनोहरगड व मनसंतोषगड जागे झाले. फोंड सावंत तांबूळकर आपल्या आठ मुलांसह उठावात उतरले. संस्थानचे तरुण युवराज अण्णासाहेब हेही त्यांना मिळाले. औट्रमने दाट रानातून फौजा घालून १८४५ च्या जानेवारीत दोन्ही गड घेतले. उठाववाले रात्रीच्या रात्री निसटून गोव्याच्या हद्दीत गेले. इंग्रजांनी त्यांची मागणी केली, आणि गोव्याचे गव्हर्नर पेश्ताना यांनी ते राजकीय आश्रित आहेत म्हणून त्यांना स्वाधीन करण्याचे नाकारले.

पोर्तुगीजांना एकाएकी भूतदया सुचली, असा याचा अर्थ नव्हे. ज्यांनी साष्टी-बार्देशातील देवळे पाडली, ज्यांच्या भयाने आपले पूर्वज देवांच्या मूर्ती डोक्यावर घेऊन रातोरात अंत्रुज महालात आले, त्यांच्याच वंशजांच्या दारात आता वाडीचे सावंत आश्रय मागत होते. शेजारच्या बलाढ्य इंग्रजापुढे आपला दर्जा राखणे हा त्या नकारातला मोठा भाग असावा. आणि त्याच गोव्यात सत्तरीचे राणे पोर्तुगीजांशी झुंजत होते. दिपाजी राणे यांनी १८५२ मध्ये नाणूसचा किल्ला घेऊन तीन वर्षे पोर्तुगीजांना जेरीस आणले. म्हणजे एकाचा बंडखोर तो दुसऱ्याचा आश्रित, आणि दुसऱ्याचा बंडखोर पहिल्याच्या रानात लपलेला, असा तो काळ.

फोंड सावंतांचे मुलगे गोव्याच्या आश्रयाने दिवस काढीत राहिले. १८५८ मध्ये उत्तरेकडची वार्ता आली तेव्हा त्यांनी पुन्हा हत्यारे उचलली आणि सुपे-कारवारच्या अरण्यात वर्षभराहून अधिक काळ इंग्रजी पलटणींना झुलविले. अखेर १८५९ च्या शेवटी ते पोर्तुगीजांना शरण गेले. या खेपेस आश्रय मिळाला नाही. त्यांना जहाजावर चढवून तिमोर बेटावर पाठविण्यात आले.